मॉड्यूल, मोडूल, मोडेल

माझी मावशी बसची कंडक्टर होती. होती म्हणजे अजूनही आहेच, फक्त बस राहिली नाही. गाड्यांच्या दाराशी कार्ड टेकवायची यंत्रं बसली आणि कंडक्टर मंडळींना एकेक पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. तिला प्रवासी उरले नाहीत, म्हणून तिने आम्हालाच प्रवासी करून टाकलं. स्वयंपाकघराच्या दारात दोघं घुटमळले की हिची आरोळी, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" काका न्हाणीघरात जरा रेंगाळले की बाहेरून दारावर थापा, "शेवटचा स्टॉप! उतरून घ्या!" आमची हसून पुरेवाट व्हायची. पण एखाद्या दुपारी मी न सांगता तिच्याकडे गेले, की ती खिडकीशी उभी दिसायची, खालून जाणारी बस वळणापर्यंत बघत. तेव्हा ती बोलत नसे, आणि गप्प मावशी बघवत नसे.

मी कामाला आहे ती आमच्या जुन्या वीजघरात. कोळशावरचं हे वीजघर आता बंद होणार आणि त्या जागी छोट्या अणुभट्ट्या बसवाव्यात असा बेत चालला आहे. लोकांना तो समजावून सांगायला कंपनीने तिथल्या रिकाम्या कँटीनमध्ये एक माहिती केंद्र थाटलं. भिंतीवर चित्रं, मधोमध टेबलावर भट्टीची काचेची प्रतिकृती आणि कोपऱ्यात कुणी वापरत नाही असं हात धुवायचं बेसिन. पडद्यावरची चित्रं फिरवायचं काम माझं. माहिती सांगायला माणूस हवा होता. दोन जण येऊन गेले. दोघंही इतकं सुंदर बोलले की ऐकणारे पेंगायला लागले. मग मी साहेबांपुढे मावशीचं नाव टाकलं. साहेब म्हणजे आमचे टायसाहेब. भला माणूस, पण टाय सैल केलेला मी कधी पाहिला नव्हता.

ते म्हणाले, "लोकांची पहिली तुकडी त्यांच्याकडे देऊ. वस्तीतली माणसं आहेत, रागावलेली आहेत. जमलं तर नोकरी पक्की."

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं. त्यांनी टाय सारखा केला.

मावशीला सांगितलं तर तिने घर डोक्यावर घेतलं. मला उचलायला गेली, मी काही उचलली जाईना, मग तिने काकांना गदागदा हलवलं. त्याच संध्याकाळपासून अभ्यास सुरू. मी लिहून दिलेले कागद तिने आधी नीट वाचले आणि मग धाब्यावर बसवले. "हे असं कोण बोलतं गं? अणूचं विखंडन होऊन ऊर्जा उत्सर्जित होते! मी असं तिकीट मागितलं असतं तर लोक चालत घरी गेले असते."

तिने स्वतःचं रचलं. युरेनियमचा अणू फुटतो ते कसं, तर खच्चून भरलेल्या गाडीत एकाला धक्का लागला की तो दोघांना देतो, ते दोघं चौघांना. सगळी गाडी तापते. "आणि मधे कंडक्टर उभा राहिला, की धक्का त्याच्यापाशीच जिरतो. भट्टीत त्या कंडक्टरला नियंत्रण कांड्या म्हणतात." मी ते आमच्या अभियंत्या बाईंना ऐकवलं. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, चालेल की!

एका शब्दाने मात्र तिचा छळ मांडला. मॉड्यूल. कारखान्यात तयार करून आणायचा, जागेवर जोडायचा भाग. मावशीच्या तोंडून यायचं मोडूल. काका तिच्यासमोर बसून शिकवायचे, "मॉ. तोंड उघड. मॉ!" ती तोंड उघडायची, "मॉ," आणि मग सुसाट, "मोडूल." त्यात ती घाईत असली की शेवट आणखी फिरायचा आणि स्पष्ट ऐकू यायचं, मोडेल. काका म्हणाले, "अगं, अणुभट्टीच्या बाबतीत एवढा एकच शब्द उच्चारू नकोस!" मी हसून जमिनीवर बसले. तीही हसली, पण पदराने तोंड पुसता पुसता एकदम म्हणाली, "हसा तुम्ही. हे हुकलं तर मला पुन्हा कोण माणसांत घेणार आहे?"

पहिली तुकडी आली ती भांडायच्या तयारीनेच. सगळ्यात पुढे घड्याळवाले आजोबा. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. सगळी वस्ती त्यांचं ऐकते. ते प्रतिकृतीसमोर हाताची घडी घालून उभे राहिले. टायसाहेब मागच्या भिंतीला टेकून. मावशीच्या वरच्या ओठावर घाम. मी घाईत भलतंच चित्र लावलं, कँटीनमधल्या जुन्या चहापानाचं.

"पुढे सरका," मावशी म्हणाली. सवयीने. माणसं सरकली! तिला जरा धीर आला. धक्क्याची गोष्ट तिने अशी सांगितली की मागच्या दोन बायका खरोखरच एकमेकींना धक्के देऊन हसायला लागल्या. भट्टी जमत होती, आणि या वाक्यात माझा काही श्लेष नाही. तेवढ्यात मावशीला जोर चढला आणि ती सुसाट सुटली, "तर मंडळी, ही छोटी भट्टी कारखान्यात तयार होणार, गाडीवरून इथे येणार, आणि इथे आली की मोडेल..."

घड्याळवाल्यांनी हाताची घडी सोडली. "आल्या आल्या मोडेल?"

"अहो नाही, मोडेल म्हणजे, ते मोडेल नाही, मोडेल!"

कँटीनमध्ये असा काही हशा फुटला की बेसिनचा सैल नळ थरथरला असेल. टायसाहेबांनी डोळे मिटले. मावशी लाल झाली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं. आता ही रडणार. पण ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बसमध्ये भांडण लागल्यावर जो आवाज काढायची तो काढला.

"बरं, मोडेल तर मोडेल! कधीतरी मोडणारच. आजोबा, तुमच्याकडे लोक काय न मोडलेली घड्याळं आणतात? आमच्या डेपोत एकच थोरली गाडी असती आणि ती बंद पडली असती, तर सगळं गाव स्टँडवर. म्हणून डेपोत एक गाडी नसते, पुष्कळ असतात. एक दुरुस्तीला जाते, बाकीच्या धावतात. गर्दी वाढली की आणखी एक जोडतात. ह्या भट्ट्यांचं तेच. एक मोठी नाही, लहान लहान ओळीने. एकीचं इंधन बदलायला ती बंद ठेवली तरी तुमच्या घरातला दिवा बाकीच्यांवर चालू."

आजोबांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, कळलं नाही. "आणि वीज गेली, पंप बंद पडले, तर हिला थंड कोण करणार?"

"गरम पाणी आपोआप वर, गार आपोआप खाली. पाणी स्वतःच फिरत राहील अशी रचना असते म्हणतात. मी चित्रात पाहिलंय, डोळ्यांनी नाही." मग मागे उभ्या असलेल्या अभियंत्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी ते नीट उलगडून सांगितलं. मावशीने त्यांच्यासाठी जागा करून दिली आणि स्वतःही तोंड उघडं टाकून ऐकलं.

"आणि वापरलेलं इंधन?" आजोबांचा आवाज खाली आला. "माझं घर इथून दिसतं, बाई. नातवंडं तिथेच राहणार आहेत."

मी लिहून दिलेल्या कागदावर याचं गुळगुळीत उत्तर होतं. मावशीला ते पाठही होतं. पण तिने ते बाजूला ठेवलं आणि ती म्हणाली, "ते राहणार, आजोबा. हजारो वर्षं राहणार. पाण्यात, मग जाड पिंपांत, पहाऱ्यात. कायमचं कुठे पुरायचं ते इथे अजून ठरलेलं नाही. आणि अशा छोट्या भट्ट्या जगात अजून मोजक्याच आहेत, त्या खरंच स्वस्त पडतील की नाही तेही मला ठाऊक नाही. गाडी कधी येणार माहीत नसताना 'येतेच आहे' म्हणत मी कधी कुणाला स्टॉपवर ताटकळत ठेवलं नाही. आज कसं ठेवू?"

टायसाहेब भिंतीपासून सुटून पुढे आले. "बाई सांगतायत ते बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्या कागदावर ते इतकं स्पष्ट नव्हतं. असायला हवं होतं." आणि त्यांनी टाय सैल केला.

मग काय विचारता! जो तो प्रश्न विचारायला लागला. गाडीवरून आणताना रस्ता किती दिवस बंद? चिमणी नसणार, मग खिडकीतली काजळी जाणार ना? वाऱ्याची, उन्हाची वीज का पुरत नाही? दोन बायका कडकडून भांडल्या, एक बाजूने, एक विरुद्ध, आणि मावशी दोघींच्या मधे उभी राहून एकेकीला पाळी देत होती. आजोबा जाताना म्हणाले, "माझं अजून हो नाही हं. पण पुढच्या वेळी मुलाला घेऊन येतो. त्याला हे मोडेलचं ऐकवायचंय." सगळे पुन्हा हसले आणि हसत हसतच पायऱ्या उतरले.

कँटीन रिकामं झालं. मावशी खुर्चीवर बसली, घामाघूम. टायसाहेब कागद गोळा करत म्हणाले, "मी सांगितलं होतं की त्यांची समजूत घाला. तुम्ही त्यांना भांडायला शिकवून पाठवलंत."

"मग? नाही ना जमलं?" तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "रोज."

पगार किती, वेळ काय, सुट्टी कधी, तिने काही म्हणजे काही विचारलं नाही. खुर्चीवरून उठली, साहेबांचे दोन्ही हात धरले, आणि हसू नि रडू एकदम आल्यामुळे तिला बोलताच येईना. शेवटी कसंबसं आलं ते एवढंच:

"रोज माणसं येणार?"