आडव्या माणसाचं माप

एनॉक टिमिन्सने बेचाळीस वर्षांत साडेतीनशेच्या वर बंदुकांना दस्ते बसवले होते, पण त्यांतली एकही बंदूक उडताना पाहिली नव्हती. कुणी त्यावरून टोमणा मारला, तर तो म्हणायचा, "शवपेट्या बनवणारा तरी कुठे आत झोपून बघतो?"

त्याचा जन्म बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांच्या गल्लीतला. बाप दस्तेवाला होता, आजाही दस्तेवाला होता. बायको जेसी मात्र स्कॉटलंडची, इनव्हरनेसजवळच्या गावातली. तिच्या आईच्या आजारपणात दोघं उत्तरेला आले. म्हातारी दोन वर्षांनी गेली आणि हे इथेच राहिले. एका बंदुकीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एनॉकने खिडकीखाली आपला कामाचा बाक लावला. अकरा वर्षं झाली, तरी गावातले लोक त्याला 'तो इंग्लिश माणूस' म्हणत.

सत्तावन्न सालच्या सप्टेंबरात त्या खोलीत फार्कर मॅक्रे आला. वय पन्नाशीचं, उजव्या डोळ्यावर काळी चामडी पट्टी, हातात कॅनव्हासमध्ये गुंडाळलेली रायफल. डोंगरातल्या एका इस्टेटीवर तो शिकारीचा वाटाड्या होता. पाहुण्यांना हरणापर्यंत न्यायचं, आणि नरांचा हंगाम संपला की कळप मर्यादेत राहावा म्हणून ठरलेल्या माद्या स्वतः मारायच्या, हे त्याचं काम. त्याने गुंडाळी सोडली आणि रायफल बाकावर ठेवली.

एनॉकने आधी चष्मा पुसला. अशी रायफल वर्षातून एखादीच येते. १९११ साली लंडनमध्ये बनलेली. गोळी आत सरकवणारा बोल्ट जर्मन, बाकी सगळं इंग्लिश. दस्ता अक्रोडाचा आणि इतका सडपातळ की एखादा चांगला चाबूक हातात घेतल्यासारखं वाटावं. ज्या ठिकाणी मूठ बसते तिथे लाकूड जेमतेम मनगटाएवढं, आणि त्यावर सुईच्या टोकासारखी बारीक खाचांची जाळी. पुढच्या टोकाला काळ्या शिंगाची टोपी. पट्ट्याची कडी लाकडात नाही, नळीवर बसवलेली, म्हणजे झटक्याने ती हातात घुसत नाही. चमक अजिबात नाही. वर्षानुवर्षं तळहाताने चोळलेल्या जवसाच्या तेलाचा तो मऊ, खोल तांबूस रंग होता. एकही वळण दाखवण्यापुरतं नव्हतं, आणि म्हणूनच नजर हटत नव्हती. एनॉकने स्क्रू काढून धातू उचलला. नळीच्या खोबणीत, जिथे गिऱ्हाईक कधी बघत नाही, तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं: डब्ल्यू. एस. कुणीतरी आपल्यासारखाच. एनॉकने त्या अक्षरांना बोट लावलं नाही, पुसली जातील म्हणून.

मग फार्कर बोलला. ऑगस्टमध्ये कुंपणाची तार ताणताना ती तुटली आणि डोळ्यावर बसली. उजवा डोळा गेला. डाव्या खांद्यावर बंदूक घ्यावी, तर त्या खांद्यात युद्धात इटलीत घुसलेले तोफगोळ्याचे तुकडे अजून आहेत. एक गोळी उडवली की हात संध्याकाळपर्यंत बधिर होतो. इस्टेटीचा कारभारी कॅप्टन ऑगिल्वी माणूस वाईट नाही, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं असतं. त्याने सांगितलंय, वीस ऑक्टोबरला निशाणाच्या लोखंडी हरणावर तीन गोळ्या. तिन्ही लागल्या तर दुसऱ्या दिवशी माद्यांचा हंगाम नेहमीसारखा फार्करचा. नाही लागल्या तर त्याने तट्टं सांभाळायची, आणि वाटाड्याचं घर नव्या माणसाला द्यायचं. त्या घरात इशबेलने, म्हणजे त्याच्या बायकोने, तेवीस वर्षं संसार केला होता.

"उजवा खांदा, डावा डोळा," एनॉक म्हणाला. "वाकडा दस्ता लागेल."

"हा वाकवू नका," फार्कर घाईने म्हणाला. "ही जुन्या लॉर्डसाहेबांची आहे. मरताना माझ्या नावावर केली. या लाकडावर त्यांचा गाल टेकलेला आहे."

एनॉकलाही तो दस्ता वाकवायचा नव्हता. खोलीच्या छताला एक अक्रोडाची फळी टांगलेली होती, बापाच्या वेळची. तिचे रेषे सरळ जात नव्हते. नदी वळावी तसे एका बाजूला वळत होते. कुणा गिऱ्हाइकाला ती दाखवली की गिऱ्हाईक नाक मुरडायचं. बापाने ती फेकली नाही, एनॉकनेही बर्मिंगहॅमहून ती ओझ्यात घालून आणली होती, कशासाठी ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. पण वाकड्या दस्त्याला वाकडेच रेषे लागतात. सरळ रेष्यांतून तो कापला, तर मुठीपाशी मोडतो. एनॉकने स्टुलावर चढून फळी खाली काढली आणि अकरा वर्षांची धूळ पुसली.

मग त्याने फार्करचं माप घेतलं. खिडकीसमोर उभं केलं, मापाची लाकडी बंदूक खांद्याला लावायला सांगितली. डोळा, गाल, खांदा, मूठ, सगळं दोनदा मोजून वहीत लिहिलं. फार्करने सांगितलं तसं केलं आणि तो संध्याकाळच्या बसने परत गेला.

एनॉकने चार आठवडे दुसरं काम घेतलं नाही. धातूला दिव्याची काजळी लावायची, लाकडात बसवायचा, उचलायचा, काळा डाग उमटला तिथून पटाशीने कागदाएवढा पापुद्रा काढायचा, पुन्हा काजळी. असं शेकडो वेळा. जेसी म्हणायची की बाप्तिस्म्याला मूल इतक्या वेळा पाण्यात बुडवलं असतं, तर ते पाद्र्याला चावलं असतं. दस्ता तयार झाला तेव्हा सरळ नळीमागून तो कलून उजवीकडे जात होता, जसा एखादा माणूस शेजाऱ्याशी बोलायला कलतो. विचित्र होता, पण रेषे त्याच वळणाने वाहत होते, म्हणून डोळ्याला खुपत नव्हता. फार्कर येऊन तो घेऊन गेला. खोलीत त्याने बंदूक खांद्याला लावली, तर नेम धरायची मागची खाच आणि नळीच्या टोकावरचा मणी त्याच्या डाव्या डोळ्यासमोर अगदी एका रेषेत आले.

सतरा तारखेला दुकानात फोन आला. फार्कर पोस्टातून बोलत होता. सहा गोळ्या उडवल्या, सहाही वाया. खाच डोळ्यासमोर येतच नाही, आणि बोल्टचा दांडा नाकाला लागतोय. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि एनॉकला तेच जास्त लागलं. त्याने वही काढून मापं पुन्हा ताडली. एकही चूक नव्हती. मग त्याने पिशवीत अवजारं, लाकूड आवळायचे शिकंजे आणि तेलाची बाटली भरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा डोंगराकडे जाणारी बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फार्कर त्याला घरामागच्या चढावर घेऊन गेला. कुठल्या जागी उभा राहून उडवता ते दाखवा, एनॉक म्हणाला. फार्कर ओल्या हेदरच्या झुडपांत पोटावर आडवा झाला.

एनॉक बघतच राहिला.

"तुम्ही झोपून उडवता?"

"पंचवीस वर्षांत उभं राहून मी एकही हरीण मारलेलं नाही. उभा राहिलो तर अर्धा परगणा मला बघेल, हरणं तर आधी."

"मग त्या दिवशी मी माप घेत होतो तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," फार्कर जमिनीवरूनच म्हणाला. "आणि वाटलं, इंग्लिश माणूस आहे, त्याला सगळं माहीत असेल."

एनॉकला हसूही आलं आणि कान गरम झाले. म्हणजे बेचाळीस वर्षं तो शिंप्यासारखी मापं घेत होता, आणि माणसं त्याचे कपडे घालून झोपत होती. तो फार्करशेजारी पालथा पडला. पाणी शर्टातून पोटापर्यंत गेलं. आता जवळून दिसलं. उभं असताना मान उशीवर टेकावी तशी बाजूला कलते. कोपरांवर पडलं की मान वर उचलावी लागते आणि बाजूला वळायला तयार होत नाही. खांदा पुढे सरकतो, त्याबरोबर चेहराही बोल्टकडे जातो. डोळा रेषेच्या एक बोट बाहेर राहत होता, आणि दस्ता अर्धा इंच लांब होता. त्याने भिजलेल्या बोटांनी कागदाची घडी घालून ते अंतर धरलं आणि खिशात ठेवलं.

आता नवीन दस्ता बनवायला वेळ नव्हता. हाच आणखी वाकवायचा, तोही इशबेलच्या स्वयंपाकघरात. धातू काढून ठेवला. मुठीच्या भागाला फार्करच्या जुन्या शर्टाची फ्लॅनेल घट्ट गुंडाळली. इशबेलने तिचं तांब्याचं जॅमचं भांडं चुलीवर चढवलं, एनॉकने त्यात जवसाचं तेल तापवलं आणि पळीने थोडं थोडं फ्लॅनेलवर सोडत राहिला. लाकूड आतपर्यंत तापलं की ते थोडा वेळ ऐकतं. पण घाई केली तर मुठीपाशी चिरतं, आणि मग काही शिल्लक राहत नाही. हे त्याने दोघांना आधीच सांगून टाकलं. न सांगणं बरं दिसलं नसतं.

इशबेलने विचारलं, "मिस्टर टिमिन्स, या भांड्यात पुन्हा जॅम करता येईल का?"

"नाही, बाई."

"बरं. नेम लागला तर भांडं माफ. नाही लागला, तर जॅम करायला तसंही घर नसेल."

शिकंजा टेबलाला लावून एनॉकने स्क्रू चतकोर चतकोर फिरवला. प्रत्येक वेळी थांबून कान लाकडाजवळ नेला. एकदा कुरकुर झाली. एनॉकने स्क्रूवरचा हात काढला. फार्करने वाकून खाली बघितलं आणि म्हणाला, टेबलाचा पाय आहे, लग्नापासून तसाच बोलतो. एनॉकने कागदाची घडी लावून बघितली आणि आणखी केसभर वाकवलं, कारण थंड झाल्यावर लाकूड थोडं मागे येतं. मग सगळं तसंच ठेवून तिघांनी मेंढीचं सूप आणि ओटची भाकरी खाल्ली. सकाळी शिकंजा सोडला, तेव्हा घडी बरोबर बसली. चीर नव्हती. एनॉकने दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाचं अर्धा इंच लाकूड करवतीने उतरवलं आणि फार्करला जमिनीवर झोपवूनच उरलेली कानस मारली. त्या दुपारी फार्करने चढावर दोनच गोळ्या उडवल्या, तिसरी उडवायला नको म्हणाला.

वीस तारखेला कॅप्टन ऑगिल्वी दुर्बीण घेऊन आला. शंभर यार्डांवर लोखंडी हरीण उभं होतं. फार्कर आडवा झाला. सगळे हरणाकडे बघत होते. एनॉक मात्र फक्त गालाकडे बघत होता. गाल लाकडावर टेकला आणि तिथेच राहिला. पहिली गोळी गेली आणि लोखंड वाजलं. दुसरी वाजली. तिसऱ्या वेळी वारा आला. फार्करने बोट घोड्यावरून काढलं आणि वाट बघितली. इशबेल दारात ॲप्रनला हात पुसत उभी होती, हात केव्हाच कोरडे झाले होते. वारा पडला. लोखंड वाजलं.

कॅप्टनने दुर्बीण डब्यात ठेवली. "उद्या सातला निघू, मॅक्रे," तो म्हणाला. "माद्या वरच्या खोऱ्यात आहेत." आणि तो गाडीकडे गेला. इशबेल आत जाऊन चुलीशी पाठमोरी उभी राहिली, बराच वेळ.

फार्करने रायफल बाहीने पुसली. आभार मानायची त्या डोंगरात पद्धत नव्हती, पण तो एनॉककडे वळून म्हणाला, "तुम्हीही या. कपडे आणखी भिजतील."

दुसऱ्या दिवशी एनॉक चार तास त्याच्यामागून सरपटला. एका गोळीत म्हातारी मादी जागच्या जागी पडली, कळपाला कळायच्या आत. फार्करने टोपी काढली, एनॉकनेही काढली. आपण केलेलं लाकूड शेवटी कुठे जातं आणि कशाला उपयोगी पडतं, हे त्याला त्या उतारावर दिसलं. 'डब्ल्यू. एस.'लाही हे दिसलं असावं अशी त्याला फार इच्छा झाली.

संध्याकाळी कागदात बांधलेली हरणाची कलेजी घेऊन तो बसमधून उतरला. जेसीने दार उघडलं आणि विचारलं, "हे काय, नदीत पडलास?" त्याने पुडकं तिच्या हातात दिलं, कोट काढला आणि बैठकीच्या गालिच्यावर पालथा झाला.

"जेसी, इकडे बघ. माणूस असा पडतो. मान कुठे येते बघ."

तिने बघितलं. खरं तर ती त्याचा चेहरा बघत होती.

त्यानंतरची नऊ वर्षं, डोळे साथ देत होते तोवर, त्या दुकानात रायफल घेऊन कुणीही येवो, कर्नल असो नाही तर पाद्री, एनॉक त्याला आधी जमिनीवर झोपायला सांगे. गुडघ्यांखाली घ्यायला घोंगडी त्याने स्वतःच्या पैशाने आणून ठेवली होती. आणि दर डिसेंबरात बसचा ड्रायव्हर एक पुडकं आणून देत असे. आत हरणाची तंगडी आणि इशबेलच्या नव्या भांड्यातल्या जॅमची बाटली असे. चिठ्ठी कधीच नसे.