दहा दिवस आवाज बंद

माझी धाकटी जाऊ रोज सकाळी गुरांसाठी घास कापायला जायची, तेव्हा टीव्हीवरचा एक नट तिच्या सोबतीला असायचा. मोबाइलमध्ये त्याच्या मालिकेचे भाग भरून ठेवलेले. मोबाइल कमरेच्या पिशवीत, आवाज पूर्ण मोठा.

हे कौतुकाचं नव्हतं, गरजेचं होतं. आमची वस्ती पारगावच्या बाजूला, चहूकडे ऊस, आणि उसात बिबट्या. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली होती की एकटं फिरू नका, वाकून काम करताना बोलत राहा, गाणी लावा. कुणी भजनं लावायचं, कुणी बातम्या. जावेनं हा नट लावला. मी घरात भाकऱ्या थापायची आणि वाऱ्यावर त्याचा खर्जातला आवाज यायचा. त्यावरून मला कळायचं, ती आता विहिरीजवळ आहे, आता घासाच्या वावरात पोचली.

मालिकेत तो घरी रोज काहीतरी निरुपयोगी वस्तू घेऊन यायचा. बायको विचारायची, आता हे काय आणलंत? तो म्हणायचा, मी कुठं आणलं, तेच माझ्या मागं मागं आलं. एवढंच. पण वस्तीवर संध्याकाळी साडेसातला कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, कारण सगळे त्याच्यासमोर बसलेले.

तो गेल्याचं दुपारी मोबाइलवर कळलं. शेजारच्या काकूंनी संध्याकाळी चूल पेटवली नाही. त्यांच्या मुलानं विचारलं, तुझा कोण लागत होता तो? त्या म्हणाल्या, "रोज घरात येत व्हता. तू तरी येतो का येळेवर?" जुन्नरहून बांगड्या विकायला येणाऱ्या भाभींचा आवाजी निरोप आला. त्यात अर्धा वेळ नुसतं रडणंच होतं.

वस्तीत काही ठरवायचं असलं की वही माझ्याकडे येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या देवळात शोकसभा घ्यायची ठरली. मी मुद्दे काढले. मंचरहून फोटो छापून आणणं. हार. दोन मिनिटं शांतता. आणि चौथा मुद्दा, दहा दिवस कुणी त्याचे भाग लावायचे नाहीत. तो माझा मलाच सुचला. घरातलं माणूस गेल्यावर आपण टीव्ही लावतो का, असं मी सभेत विचारलं. सगळ्यांना पटलं. सर्वांत आधी जावेला पटलं. म्हणाली, मेलेल्या माणसाचं हसणं आता ऐकवणार न्हाई. मी चौथ्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ मळताना मला बरं वाटत होतं. वस्तीवर छान शांत होतं. दोन भाकऱ्या झाल्या, तिसरी थापायला घेतली आणि हात थांबला. शांत का आहे?

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. दीर डेअरीला दूध घालायला गेलेले, आमचे मालक पाहुण्यांना घेऊन ओझरला. अशा वेळी काठी घ्यायची, शिट्टी घ्यायची, शेजाऱ्यांना हाक मारायची, हे मीच सगळ्यांना लिहून दिलेलं. मी यातलं एकही केलं नाही. पिठाच्या हातानं फक्त मोबाइल उचलला आणि निघाले.

वाट एका माणसापुरती आहे. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर. पाटाला आदल्या दिवशी पाणी सोडलेलं, माती ओली होती. तिच्यात जावेच्या चपलेचा ठसा होता आणि त्या ठशावर, अर्धा त्याला मोडून, दुसरा, पंजाचा गोल ठसा. म्हणजे ते जनावर तिच्यानंतर गेलं होतं.

हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. मोबाइलवर त्या नटाचा भाग लावायला गेले. रेंज नव्हती. गोल चक्र फिरत राहिलं.

ऊस संपला तिथं ती दिसली. पाइपलाइनच्या सिमेंटच्या चेंबरवर उभी, हातात विळा. घासाचा भारा खाली सोडलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. भाऱ्यापलीकडच्या उसावरची नजर न काढता नुसता तळहात पुढे केला, तिथंच थांब म्हणून. वारा नव्हता आणि तिथलं वाळलं पाचट हलत होतं.

मला बिबट्या दिसला नाही. दिसला असता तर निदान किती लांब आहे ते कळलं असतं.

काहीतरी मोठ्यानं बोलायला हवं होतं. तिचं नाव येईना, देवाचं नाव येईना. जे आलं ते असं:

"अहो, आता हे काय आणलंत?"

ती हलली नाही. मी पुन्हा ओरडले. तेव्हा तिनं त्या नटासारखा आवाज खर्जात नेला.

"मी कुठं आणलं? तेच माझ्या मागं मागं आलं."

"परत करून या आधी!"

"परत गेलं तर मी कुणाबरोबर राहू?"

असं बोलत मी चेंबरपर्यंत गेले. ती उतरली. भारा तिथंच टाकला आणि पाठीला पाठ लावून आम्ही वाटेला लागलो. ती त्याचं बोलायची, मी बायकोचं. मध्येच मी पुढचं वाक्य विसरले. तेवढ्या शांततेत डावीकडच्या उसात, आमच्या बरोबरीनं, पाचट वाजलं. "म्हणा, ताई, काईबी म्हणा," ती म्हणाली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अंगणात पोचेपर्यंत तो प्रसंग आम्ही तीनदा केला असेल. काकू दारात येऊन बघत राहिल्या.

जाऊ ओट्यावर बसली आणि रडायला लागली. कशासाठी ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "रोजच्या सवयीनं लावणार व्हते मी. मंग तुमचं आठवलं, अन् मोबाइल आवाज बंद करून घरातच ठिवला."

तिनं हे मला दोष द्यायला म्हटलं नाही. म्हणूनच ते अजून मनातून जात नाही.

मी लगेच ग्रुपवर लिहिलं की चौथा मुद्दा रद्द, ज्याला बाहेर जायचंय त्यानं भाग लावा, मोठ्यानं लावा. घरोघरी जाऊनही सांगितलं.

आता घासाला आम्ही दोघी जातो. तो आमच्या मध्ये, बांधावर ठेवलेल्या मोबाइलमधून बोलत असतो. आम्ही वाकून कापत असतो. एक भाग संपून दुसरा सुरू होईपर्यंत थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. तेवढा वेळ आम्ही दोघी विळा थांबवून उभ्या राहतो.