तोंड झाकलेली पुस्तकं

"वैनीला कशाला न्यायची रं? तिनं वाचलंय ना सगळं? मंग ती जाऊन आल्यासारखीच हाय."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. ओटीवर दिनेशदादा माझ्या नवऱ्याला सांगत होता आणि मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. नवरा, म्हणजे अमोल, हसला. मी बाहेर जाऊन चहा ठेवला. दिनेशदादानं घोट घेतला आणि आलं टाकल्याबद्दल माझं कौतुक केलं.

लग्नाला अकरा महिने झाले. ह्या मंडळींचे किस्से माझ्याकडं मोरीतल्या भांड्यांसारखे साठतात. एक घासून पालथं घालावं, तोवर दुसरं येऊन पडलेलं असतं. आज जरा सगळीच घासायला काढते.

मंडळी म्हणजे तिघं. शिळफाट्यावर मोबाईलचं दुकान असलेला दिनेशदादा, चौक गावात गॅरेजमध्ये काम करणारा संतोष, आणि खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला अमोल. रविवार आला की तिघं गूढ जागा शोधायला निघतात. पडके बंगले, ओसाड विहिरी, घाटातली वळणं. दिनेशदादाचं त्यावर चॅनेल आहे.

*

कर्जतला मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. आवड काय, असं विचारलं. मी म्हणाले, वाचन. माझ्या आत्याला वाटलं, मी एवढ्यावर थांबेन. पण अमोलनं काय वाचता म्हणून विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. गूढ जागांविषयी, न उलगडलेल्या प्रकारांविषयी. आत्याला खोकला आला. बाबांनी पोह्यांची बशी पुढं सरकवली.

अमोल मात्र खुर्चीत पुढं होऊन बसला. आम्ही अशाच जागा बघत फिरतो, म्हणाला. आणि मग म्हणाला, "तुम्ही जे जे वाचलंय, ते सगळं मी तुम्हाला दाखवीन."

बाबांनी त्याची नोकरी बघितली, आईनं घर बघितलं. मी त्या एका वाक्याला होकार दिला.

लग्नपत्रिकेत छापून घ्यायला हवं होतं.

*

माझी पुस्तकं खोक्यात भरून सासरी आली. सासूबाईंनी खोकं उघडलं तर सगळ्यात वर कवटी. तिच्याखाली विहिरीतून वर आलेला हात. त्या रागावल्या नाहीत. एकदा देवघराकडं बघितलं आणि म्हणाल्या, "वाच गं तू, वाच. पण त्यांची तोंडं तेवढी झाक."

त्या दुपारी मी सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. वर नावं लिहिली नाहीत, मला जाडीवरून ओळखू येतात. कपाटात लावली तर सगळी एकसारखी, खालमानेनं उभी.

सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, आता कशी आपल्या घरातली वाटतात.

*

मंडळींपैकी कोणीच वाचत नाही. कुठं जायचं ते अमोल मला सांगतो, मी वाचते आणि पाठकोऱ्या कागदावर चिठ्ठी लिहून देते. चिठ्ठी दिनेशदादाच्या खिशात जाते आणि व्हिडिओत त्याच्या तोंडून बाहेर येते.

कोणी मला विचारत नाही, पण विचारलं तर माझी शिफारस अशी. कुठल्याही गूढ जागी जाण्याआधी तीन पुस्तकं वाचावीत. पहिलं पक्षी-प्राण्यांचं, दुसरं दगडांचं आणि बांधकामाचं, तिसरं भुतांचं. ह्या क्रमानं वाचलं की तिसऱ्याची सहसा गरज पडत नाही. चॅनेलवर फक्त तिसरं सांगतात.

चौकच्या पुढं एक जुनी पायऱ्यांची विहीर आहे. तिच्यावर मी मन लावून चिठ्ठी लिहिली आणि मलाही न्या म्हणाले. जागा नव्हती. दोन बाईक, तीन माणसं आणि चौथी सीट कॅमेऱ्याच्या बॅगेची. त्याच्या आधीच्या वेळी गेले तिथं वेताळाचं ठाणं होतं, बायका चालत नाहीत. त्याच्या नंतरच्या वेळी कारण कोणाला सुचलं नाही, म्हणून कोणी सांगितलंच नाही.

तर त्या विहिरीवरून मंडळी आली तीच घाबरलेली. संतोष कुडकुडत होता. दिनेशदादाची कॉलर कोणीतरी मागून ओढली होती. मग मला फोटो दाखवले. गोल, सिमेंटची विहीर. पायरी एकही नाही. मागं निळ्या दाराची पंपाची खोली आणि तिच्यावर नळपाणी योजनेचा बोर्ड. पायऱ्यांची विहीर आणखी बरीच पुढं होती. चिठ्ठीत मी तसं लिहिलंही होतं.

मी स्वयंपाकघरात अमोलला हळूच सांगितलं. तो म्हणाला, "आता नको सांगू. व्हिडिओ टाकलाय. आणि संतोषला ताप तर खराच आलाय गं."

ताप खरा होता. तेवढं मान्य करायला हवं.

*

मग दिनेशदादानं ठरवलं की वाचायलाच हवीत अशा सात पुस्तकांचा एक व्हिडिओ करायचा. यादी माझी, पुस्तकं माझी. मी तेव्हा चार दिवस माहेरी गेले होते. अमोलनं कपाटातून खाकी पुस्तकं मोजून सात काढून दिली.

व्हिडिओ मी कर्जतला आईच्या शेजारी बसून बघितला. दिनेशदादा एकेक पुस्तक हातात धरून बोलत होता. चौथ्याच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. तो मी ओळखला. होणाऱ्या आईनं काय खावं, कसं बसावं, कोणते विचार मनात आणावेत, ह्याचं ते पुस्तक. लग्नाला तीन महिने झाले तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातात ठेवलेलं. त्याचंही तोंड मी झाकलं होतं, मलाच बघवत नव्हतं म्हणून.

दिनेशदादानं ते छातीशी धरलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे एकट्यानं वाचू नका. मी तीन रात्री झोपलो नाय."

व्हिडिओच्या खाली कोणीतरी विचारलं होतं, ह्याचा शेवट काय आहे. त्यानं उत्तर दिलं होतं, शेवट सांगणार नाही, ज्याचा त्यानं अनुभव घ्यावा.

*

पुढं दिनेशदादानं आवाज टिपायचं एक यंत्र आणलं. ते आठवडाभर अमोलकडं होतं. त्यानं एकदा चालू करून बघितलं, बंद केलं असं त्याला वाटलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून विसरला.

रविवारी तिघं ओटीवर बसून ऐकायला लागले. आधी बराच वेळ काहीच नाही. मग पाणी ओतल्याचा आवाज. काकणं. भांड्याला भांडं लागलेलं. मग एका लयीत थप, थप, थप. संतोष म्हणाला, कोणीतरी टाळ्या वाजवतंय, पण एकाच हातानं. दिनेशदादानं डोळे मिटून ऐकलं. "बाईच हाय," तो म्हणाला. "आणि एकटीच हाय."

ही कुठली जागा, यावर वाद सुरू झाला. अमोल म्हणाला, खोपोलीच्या वरच्या अंगाचा तो पडका बंगला. तिथं आपल्याला असाच आवाज आला होता, मला पक्का आठवतो.

मी चहा घेऊन आले होते. भाकऱ्यांचं पीठ अजून बोटांना होतं. ट्रे ठेवताना काकणं वाजली, तशी संतोषनं हातानं मला थांबायची खूण केली. त्याला यंत्रातलं नीट ऐकू येत नव्हतं.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "पाच वाजता उठून बघा कवातरी. दिसंल."

दिनेशदादानं वेळ लिहून घेतली.

*

मी एक वही केली आहे. कर्जत आणि खालापूरच्या बाजूला ज्या ज्या जागांविषयी वाचलं, ऐकलं, त्या सगळ्या तिच्यात आहेत. जागा, काय दिसतं, कोणाचं भूत, त्याचं नाव, असे रकाने आखले. भरत गेले तसं लक्षात आलं. पुरुष भुतांना नावं आहेत, गाव आहे, आडनाव आहे. एकानं ज्या आंब्याला गळफास घेतला त्या आंब्यालासुद्धा नाव आहे. बायकांच्या पुढं नुसतं सून. बाळंतीण. अमक्याची नवी नवरी. नावाचा रकाना पानभर कोरा.

मी अमोलला म्हणाले, मला एकदा घेऊन चला, मी त्या त्या गावातल्या बायकांना विचारते, त्यांना माहीत असतं. तो म्हणाला, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

वही त्यानं दिनेशदादाला मात्र दाखवली. दिनेशदादाला ती फार आवडली. फक्त नावाचा रकाना काढून टाका म्हणाला, स्क्रीनवर मावत नाही.

"खोडून टाक गं," अमोल म्हणाला. "तशी पण रिकामीच हाय ती जागा."

*

आणि गेल्या शनिवारी अमोल आपणहून म्हणाला, "उद्या तू पण चल."

डोंगराच्या पायथ्याला एका वाडीजवळ विहीर आहे. वहीत तिच्यापुढं एवढंच आहे: सून, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. त्यानं मला शालू नेसायला सांगितलं. मला वाटलं, पहिल्यांदाच बाहेर नेतोय, म्हणून असेल. सासूबाईंनी निऱ्या नीट करून दिल्या. मी वही घेतली, वाडीतल्या बायकांना विचारायचे प्रश्न मागच्या पानावर लिहून काढले. कॅमेऱ्याची बॅग त्या दिवशी संतोषच्या पाठीवर मावली.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. भुताचं शूटिंग उजेडातच करतात, रात्र मागाहून कम्प्युटरवर करतात, हे मला तिथं कळलं. विहीर मी मनात बांधली होती त्याहून लहान निघाली. पायऱ्यांना शेवाळ, पाणी हिरवंगार. उतरून बघितलं तर आतल्या कोनाड्यात हिरव्या काकणांचे तुकडे होते, काही जुने, काही अगदी नवे. कोणीतरी अजून आणून ठेवत होतं. कोण, ते वाडीत विचारायचं, असं मी मनाशी ठरवत होते, तेवढ्यात वरून दिनेशदादाचा आवाज आला. वैनी, वर या, काठावर बसा आणि केस मोकळे सोडा.

मी अमोलकडं बघितलं.

"पाच मिनिटांचं काम हाय गं," तो म्हणाला. "आता शालूवाली बाई आणायची कुठनं?"

वही फ्रेममध्ये येत होती, म्हणून संतोषनं माझ्या हातातून काढून घेतली. मी काठावर बसले. केस सोडले. शालूची जर मानेला टोचत होती. कॅमेरा अमोलच्या हातात होता.

दिनेशदादा म्हणाला, "आता काय तरी बोला वैनी. मेलेली बाई काय बोलंल, ते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पायजे."

अकरा महिन्यांत त्यांच्यापुढं मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. मी कॅमेऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले,

"आई, मी मजेत आहे. घरचे सगळे खूप चांगले आहेत. तू काळजी करू नकोस."