पिशवीतले पांढरे केस

लेईसोंगीने तोमारूला जायचं कबूल केलं ते निव्वळ लाजेपायी. न्गुना बेटावरच्या देवळात पाळक कालोरिस यांनी विचारलं, "सुवार्तेसाठी तीन महिने तोमारूला माझ्याबरोबर कोण येणार?" आणि सगळी मंडळी गीतपुस्तकात डोकं खुपसून बसली. तोमारू म्हणजे करणीचं बेट, हे न्गुनावरचं शेंबडं पोरही सांगतं. लेईसोंगी मात्र अकरा वर्षं रविवारच्या शाळेत शिकवत आली होती, की प्रभू सोबत असताना भ्यायचं नाही. तिच्या वर्गातल्या सहा पोरी मागे वळून तिच्याकडेच बघायला लागल्या. मग काय, उठली बिचारी.

खरं तर तिच्याइतकं भित्रं माणूस अख्ख्या बेटावर नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना आई आजारात गेली. आईला शेवटपर्यंत एकच घोर, की कुणीतरी आपला केस नेला आणि त्यावर करणी केली. तेव्हापासून गळलेला केस, कापलेलं नख, उष्टं पान मागे ठेवायचं नाही, हे लेईसोंगीच्या अंगात भिनलं ते भिनलंच. पुढे लग्न झालं, मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, बायकांच्या मंडळाची चिटणीसही झाली, पण केस वेचणं काही सुटलं नाही.

तोमारूच्या काळ्या वाळूला बोट लागली. डोंगराच्या तोंडातून धूर निघत होता आणि अंगावर बारीक राख पडत होती. तिची राहायची सोय बुबू एलमिनाकडे होती. बुबू म्हणजे आजी. सत्तरी उलटलेली, काठी टेकत चालणारी ही बाई सगळ्या गावाचीच बुबू होती.

"ये गं पोरी. किती वाळकी गं तू! न्गुनावर चुली बंद पडल्या की काय?" असं म्हणत बुबूने केळीच्या पानावर वाफाळता लापलाप वाढला. तापल्या दगडांवर शिजलेलं कोनफळ आणि वर नारळाचं घट्ट दूध. लेईसोंगीची जेवणाआधीची प्रार्थना जरा लांबलीच. मग जीव मुठीत धरून तिने एकेक घास गिळला आणि पान पुसून हातात घेतलं.

"पान ठेव तिथेच, डुकराला घालते."

"नको नको बुबू, मीच टाकते ना."

झोपडीत दोन चटया शेजारी शेजारी होत्या. रोज पहाटे लेईसोंगी कानाकोपरा झाडायची. केस, सालं, उष्टी पानं, सगळं एका कापडी पिशवीत भरायची आणि आंघोळीला गेली की दगड बांधून समुद्रात बुडवायची. बुबूला याचं कोण कौतुक! पाण्याच्या नळावर ती गावातल्या सुनांना ऐकवायची, "माझ्याकडची न्गुनाची बाई बघा, चटईखालीसुद्धा झाडते. नाहीतर तुम्ही!" ते ऐकून लेईसोंगीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपण या म्हातारीचं खातो आणि तिलाच भितो, हे तिचं तिला टोचत होतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू हातात यायचाच.

पाचव्या आठवड्यापर्यंत बायका तिच्याकडे गाणी शिकायला यायला लागल्या होत्या. कुणी पपई आणून द्यायची, कुणी तिच्या झग्याची फाटलेली झालर शिवून द्यायची. त्याच आठवड्यात समुद्र खवळला. तीन दिवस किनाऱ्यावर उभं राहता येईना. झोपडीमागच्या खुंटीवर पिशवी फुगत गेली.

रविवारी उपासना संपली आणि रिवाजाप्रमाणे सगळे बाहेर रांगेने एकमेकांशी हात मिळवत होते. तेवढ्यात बुबूचं डुक्कर पिशवी तोंडात धरून देवळाच्या अंगणात आलं. सालांच्या वासाने त्याने ती खुंटीवरून ओढली होती. एका हिसड्यात ती फाटली. सालं पडली, पानं पडली, आणि मूठभर केस.

रांग जागच्या जागी थांबली. बुबूचा पुतण्या बोंग वाकला आणि त्याने काडीने केस उचलले. काळ्या केसांत पांढरे होते, पुष्कळ.

"हे बुबूचे," तो म्हणाला. "का गं बाई, म्हातारीचे केस पिशवीत घालून काय करतेस?"

"म्हणून रोज झाडत होती होय!" मागून कुणीतरी म्हणालं.

आयांनी पोरांना जवळ ओढलं. पाळक कालोरिस यांनीही पुढे केलेला हात हळूच मागे घेतला. लेईसोंगीचं धाबं दणाणलं. करणी करणारीला गाव काय करतं, ते तिने ऐकलं होतं. खोटं बोलायला ती एका पायावर तयार होती, पण डोक्यात काही येईचना.

"मी... मी तुम्हाला भीत होते," ती म्हणाली. "माझे केस कुणी नेऊ नयेत म्हणून वेचत होते. पहाटेच्या अंधारात बुबूचे त्यात आले, ते मला कळलंच नाही."

बुबू काठी टेकत पुढे आली. "मलाही भीत होतीस?"

"हो."

"माझ्या हातचं खाताना?"

"हो बुबू."

"आणि तरी रोज खाल्लंस?"

लेईसोंगीने मान डोलावली. तिला रडू आवरेना.

बुबू कण्हत खाली बसली. बोंगच्या काडीवरचे केस तिने ओढून घेतले. काळे आणि पांढरे वेगळे न करता तळहातावर चोळून एकच गोळी केली आणि लेईसोंगीच्या मुठीत दिली.

"या बेटावर जन्म काढलाय मी," ती म्हणाली. "तुला वाटतं, भीती फक्त न्गुनावर पिकते? पन्नास वर्षं माझे मीच वेचत होते. दोन वर्षांपासून डोळ्यांना दिसत नाहीत. कुणाला सांगणार, माझे केस वेचा म्हणून? कुणाच्या हातात देणार?" मग ती रांगेकडे वळून ओरडली, "बघता काय? हात मिळवा तिच्याशी! आणि बोंग, पिशवी शिवून आण."

बोंगने आधी हात चड्डीला पुसला, मग पुढे केला.

लेईसोंगीची भीती गेली असं कुणी समजू नये. त्या रात्रीही ती कूस बदलत राहिली. पण पहाटे उठल्यावर तिने आधी बुबूची चटई झाडली, केस अन् केस वेचला, आणि मग आपली.