तबकडीतल्या वाजंत्र्याचा मान

लग्न होऊन रिह्याला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या अंगावर शंभरेक टोप्या कोसळल्या. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेत होते, कडी निसटली आणि पांढऱ्या टोप्यांचा पाऊस पडला. मागोमाग टॉवेल. सगळे कोरे, घडी न मोडलेले. मी नवऱ्याला, रोहितला, विचारलं, "तुमचं कापडाचं दुकान होतं का रे?" तो म्हणाला, "आबांना विचार. पण आधी स्वयंपाक उरकून घे, वेळ लागेल."

आबा म्हणजे माझे सासरे, गेणबा. रिह्यातली भाताची खाचरं सांभाळून ते गेली पन्नास वर्षं लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावतात. धंद्याचं नाव 'तुळजाई साउंड सर्व्हिस'. नाव देवीचं आहे असं ते सांगतात. सासूबाईंचं नाव तुळजाबाई आहे, त्या ऐकतात आणि पदर तोंडाला लावून हसतात.

आबा विशीत असताना त्यांनी कर्णा घेतला, बॅटरी घेतली, किल्लीवर फिरणारा प्लेअर घेतला, आणि मग लक्षात आलं की वाजवायला तबकड्याच नाहीत. धरणाकडेला मुंबईच्या कुणा साहेबाचा बंगला रिकामा होत होता. तिथल्या राखणदाराने दोन पायल्या तांदळाच्या बदल्यात पोतंभर तबकड्या दिल्या. आबांना वाटलं, भजनं असतील, लावण्या असतील. पहिल्याच लग्नात हळदीला एक लावली आणि कर्ण्यातून निघाला जाझ! पिपाण्या एकमेकींच्या मागे धावतायत, ढोलवाला भलतीकडेच ठोकतोय, कुणाचा कुणाला मेळ नाही आणि तरी सगळं बरोबर एका जागी येऊन थांबतंय. हळद लावणाऱ्या बायकांचे हात वाटीतच राहिले. मग एका म्हातारीची मान हलली, पोरं नाचायला लागली, आणि आबा कायमचे कामातून गेले. "खरं लगीन माजं त्या दिवशी लागलं," असं ते सासूबाईंच्या समोर म्हणतात. धाडस आहे माणसात.

तेव्हापासून जाझची जुनी लाखेची तबकडी कुठे आहे म्हटलं की आबा निघालेच. दर रविवारी पहाटेच्या एसटीने पुण्याच्या जुन्या बाजारात. इंग्रजी वाचता येत नाही, पण तबकडी नखाने वाजवून, उन्हात तिरकी धरून ती किती झिजली आहे ते सांगतात. नावंही स्वतःच ठेवतात. एकीचं नाव 'भिजलेली म्हैस', एकीचं 'सासूचा रुसवा', एकीचं 'पौडची यष्टी घाटात'. ऐकल्यावर नाव चुकलं असं कोणीही म्हणणार नाही. मी शाळामास्तरीण, पौडला शिकवते, चुका काढणं हा माझा धंदा आहे. मलाही काढता आली नाही.

या सगळ्यांत एक तबकडी वेगळी, पहिल्या पोत्यातलीच. ती फक्त परण्याला लागते. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघतो तो परण्या. पाराशी टेम्पो उभा करायचा, नवी सुई बसवायची आणि ती तबकडी एकदाच लावायची. दुसऱ्यांदा नाही, झिजते. त्यात एक क्लॅरनेट आहे. सनईच्या कुळातलंच वाद्य, पण शिकलेलं कमी आणि उनाडलेलं जास्त. रिह्याच्या खोऱ्यात ती वाजल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही. हल्ली डीजे येतो, भिंती हादरवतो, पण परण्याला त्यालाही गप्प बसवतात.

फक्त ते क्लॅरनेट कोण वाजवतंय हे आबांना ठाऊक नव्हतं. फुटू नये म्हणून तबकडी भाताच्या कणगीत तुसात पुरून ठेवली होती, आणि मधला कागद उंदरांनी खाल्ला. नाव गेलं. बाकी तबकड्यांची नावं आबांनी ठेवली, हिला मात्र ठेवली नाही. म्हणायचे, "मानूस पन्नास वर्सं माज्या घरी वाजवतुया. त्याला गाव इचारलं न्हाई, नाव इचारलं न्हाई. ही काय पाव्हन्याला वागवायची रीत झाली?"

आता टोप्यांचं. आमच्याकडे लग्नात वाजंत्र्यांचा मान असतो, टॉवेल, टोपी आणि नारळ. आबांनी पहिल्या वर्षापासून नियमच केला की यजमानाने एक मान जास्तीचा द्यायचा, तबकडीतल्या वाजंत्र्याचा. "परन्याला वाजवलं कुनी? त्यानं. मग त्याला उपाशी धाडायचं व्हय?" पहिल्यांदा लोक हसले, मग रीत पडली. आबा तो मान घरी आणून ट्रंकेत ठेवायचे, माणूस सापडेल तेव्हा त्याला द्यायला. तीन ट्रंका भरल्या. नारळ मात्र आम्ही खाल्ले. ते टिकत नाहीत, आणि त्याबद्दल मला जराही शरम नाही.

माणूस शोधायला आबांनी काय काय केलं विचारू नका. फार्महाऊसवर मुंबईचा बँड आला की हे मागच्या दाराशी हजर. एकदा पौडच्या स्टँडवर एसटी बंद पडली आणि तिच्यातून हातभर लांब पितळी वाजं घेतलेला गृहस्थ उतरला. आबांनी त्याला अक्षरशः ओढत घरी आणलं, पिठलं-भाकरी घातली आणि तबकडी ऐकवली. तो म्हणाला, वाजवणाऱ्याचं नाव नाही सांगता येत, पण वय विशीचं असणार, दम अजून कच्चा आहे, ते कळतंय. आबा महिनाभर तेवढ्यावर खूश होते. "इशीचा हाय पोरगा," म्हणून गावभर सांगत हिंडले, जसा काही पुतण्या नोकरीला लागला.

पण अलीकडे त्यांचा धीर सुटत चालला होता. "त्यो मेला आसंल गं," मला म्हणाले, "आन मीबी जाईन. मग टोप्या कुनाच्या?" त्यांचे डोळे भरले होते. मी चहा टाकला.

गेल्या मे महिन्यात त्यांच्या चुलत नातवाचं, इंद्रजितचं, लग्न होतं. बारा वाजताचं ऊन, पाराशी टेम्पो आडवा, घोड्यावर नवरदेव, रस्ता बंद. मागे फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांची रांग आणि हॉर्न. आबांनी तबकडी लावली. क्लॅरनेट चढत चढत गेलं, पार वर, आणि वरच्या टोकाला त्याचा पाय घसरतो तिथे 'चीं' करून घसरलं. त्यानंतर क्षणभर सगळंच बंद असतं, बाकीचे वाजवणारे जणू दचकतात. त्या क्षणात अख्खं रिहे उडी मारतं. लहान पोरापासून सरपंचापर्यंत. ती आमच्या परण्याची खूण आहे. तशी त्या दिवशीही सगळ्यांनी मारली, मीही मारली, घोडा सोडून सगळे उडाले.

खाली आलो तर रांगेतल्या एका गाडीतून एक खूप म्हातारी बाई उतरलेली. फुलाफुलांचा झगा, कापलेले पांढरे केस, हातात काठी. मागून एक मुलगी "ग्रॅनी, ऊन आहे!" म्हणत धावतेय. म्हातारी तडक टेम्पोशी आली आणि तिने पत्र्यावर काठी आपटली. "हे कुठून आणलं?"

आबांना वाटलं, आवाजाची तक्रार. फार्महाऊसवाल्यांचा त्यांना मनस्वी राग. "आवाज कमी व्हनार न्हाई!" ते गरजले. "परवानगी हाय! पोलिसाला बोलवा न्हाईतर कुनाला बी बोलवा!"

"कमी नको, वाढव," म्हातारी म्हणाली. तिचं मराठी मुंबईचं होतं. "आणि हे लोक उड्या का मारले? तिथे तर चूक आहे."

"चूक? पन्नास वर्सं आमी त्याच्यावर नाचतोय!"

"चूकच आहे. मला माहीत. ती मी केली."

तबकडी चालूच होती. म्हातारीने काठी तोंडासमोर खाली तिरपी धरली आणि तिच्यावर बोटं चालवायला लागली. सुरकुतलेली, गाठी आलेली बोटं, पण सूर येण्याच्या नखभर आधी प्रत्येक बोट आपल्या जागी पडत होतं. कुठे थांबायचं, कुठे धावायचं, सगळं. आम्ही बघणारे येडे झालो. तबकडी संपली आणि आबा मटकन रस्त्यावरच बसले.

"आबा, मुहूर्त!" घोड्यावरून इंद्रजित ओरडला.

"गप ए. मुहूर्त रोज येतुया."

म्हातारीची नात, ऋतिका, भूगावात राहते, आयटीत आहे. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हातारीने पारावर बसून पन्हं पीत सांगितलं. तिच्या वडिलांचा बँड होता, मुंबईच्या हॉटेलात वाजवायचा. सात माणसं. तबकडी करायच्या दिवशी क्लॅरनेटवाला तापाने पडला. वडिलांनी हिला उभं केलं, घरी ऐकून शिकलेली वीस वर्षांची पोर. एकदाच वाजवायला मिळणार होतं. वरच्या टोकाला ती घसरली. "पप्पा बोलले, तू बिघडवलंस. मला वाटलं, मग तबकडी आलीच नाही बाजारात. मी कधी बघितली नाही. त्यानंतर क्लॅरनेट हातात घेतलं नाही. लग्न झालं, मुलं झाली." ती पाराभोवतीच्या घामाघूम गर्दीकडे बघत होती. "आणि इथे तुम्ही त्याच चुकीवर उडी मारता!" असं म्हणून ती जी हसत सुटली, ती थांबेचना. तिच्या हसण्याने आम्ही हसलो, ठसका लागेपर्यंत हसलो.

आबांनी तिला उंदरांनी खाल्लेल्या कागदाची गोष्ट सांगितली आणि रोहितला घरी पिटाळलं. तीन ट्रंका टेम्पोसमोर उघडल्या. आबांनी एक टोपी हातात घेतली, म्हातारीच्या झग्याकडे बघितलं आणि त्यांचा हात हवेतच अडकला. पन्नास वर्षं त्यांनी मान जमवला होता, तो पुरुषाचा.

"बाईमानसाला टोप्या देताय व्हय?" सासूबाई पुढे झाल्या. "सरा बाजूला. ओटी भरायची हाय तिची."

नवरीसाठी काढलेलं ताट होतं, त्यातले खण-नारळ त्यांनी उचलले. मागून कोणीतरी सासूबाईंच्या कानाशी लागलं, त्यांचे मालक आहेत का, नसतील तर ओटी कशी भरणार. म्हातारीच्या कानावर ते गेलं. "नवरा जाऊन वीस वर्षं झाली," ती म्हणाली.

सासूबाई मागे वळल्यासुद्धा नाहीत. "मान वाजवनारीचा हाय, मालकाचा न्हाई," म्हणाल्या आणि झग्याचा घेर पसरून धरायला लावून त्यांनी ओटी भरली. इतकी वर्षं मी त्यांना भित्र्या समजत होते.

"आणि या टोप्या?" म्हातारीने विचारलं.

"तुमच्याच हायेत."

"मग ज्यांनी उडी मारली त्यांना द्या."

झालं! टोप्यांवर झुंबड उडाली. पोरींनी घातल्या, करवल्यांनी गजऱ्यावर घातल्या, गाडीत खोळंबलेल्या फार्महाऊसवाल्यांनी खिडकीतून हात काढून मागून घेतल्या, घोड्याच्या कानावरही एक चढली. ऋतिकाने दोन घातल्या. भटजी मुहूर्त मुहूर्त करत आले आणि टोपी घालून उभे राहिले.

या गोंधळात आबांनी माईक हातात घेतला. पन्नास वर्षांत त्यांनी खोऱ्यातल्या प्रत्येकाचं नाव माईकवरून घेतलं आहे, आहेर करणाऱ्याचं, हरवलेल्या पोराचं, चुकलेल्या म्हशीच्या मालकाचं. माईकवर हात ठेवून ते खाली वाकले आणि म्हातारीला विचारलं, "नाव काय आपलं? गाव?"

"एर्मेलिंदा. गाव लोटली, गोव्यात."

आबांनी तीनदा ओठातल्या ओठात घोकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. "आन वडलांचं नाव? पुरं सांगावं लागतं."

म्हातारीने मान हलवली. "ते उंदरांनी खाल्लं ना, त्या कागदावर पप्पाचंच नाव असणार," ती म्हणाली. "बँड त्यांचा, तबकडी त्यांची. माझं त्याच्यावर नव्हतंच कधी. तुम्ही नुसतं माझं सांगा."

आबांनी माईकवरचा हात काढला. ताठ उभे राहिले. कर्णे डोंगराकडे तोंड करून होते.

"मंडळी, शांत ऱ्हावा. परन्याला आत्ता ज्यांनी क्लॅरनेट वाजवलं, आन गेली पन्नास वर्सं ज्या आपल्या समद्यांच्या लग्नात वाजवत आल्या, त्यांचं नाव एर्मेलिंदा. गाव लोटली. त्या हितं हजर हायेत."

नाव खोऱ्यात गेलं आणि डोंगराला लागून परत आलं. कोणी टाळी वाजवली नाही, सगळे त्या परत येणाऱ्या नावाकडे कान लावून होते. मी रडत होते, आबा तर लहान पोरासारखे रडत होते. म्हातारी काठीवर जोर देऊन उठली, आबांच्या हातातला माईक तिने स्वतःच घेतला आणि सगळ्या टोप्यांवरून नजर फिरवत म्हणाली, "हो. ती मीच."