घडीच्या आतला जपान

वर जाणारी रेघ मला कुणी दाखवली की मी आधी तिचं डावं टोक बघते. रेघ वर गेलीय हे आंधळ्यालाही कळेल. ती निघाली कुठून, ते दाखवणारा सांगत नाही.

ही सवय शाळेनं लावली नाही. शाळा चौथीतच सुटली. सवय लागली ती टॉवेलच्या कारखान्यात, घडी खात्यात. मागावरून उतरलेला माल आमच्यापुढं यायचा. आम्ही बाया तो तपासून घड्या घालायचो. डाग, तुटका धागा, भोक असलेला टॉवेल बाजूला काढायचा. त्याला सेकंड म्हणत. सेकंड मालही विकला जाई, पण त्याची घडी वेगळी. डाग आत जाईल आणि नितळ भाग वर येईल अशी. मालकानं तसं सांगूनच ठेवलं होतं, आणि पगार आम्ही त्याचाच घेत होतो. म्हणून आजही दुकानात गेले की मी कापड पुरतं उलगडायला लावते. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू दे.

माझ्या नवऱ्यानं अक्कलकोट रोडला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तो गेल्यावर काही वर्षांनी मी प्लॉट विकला आणि पैसे गल्लीतल्या पतसंस्थेत ठेवले. त्या व्याजावर माझं घर चालायचं. मुलगा पुण्यात असतो. तो चांगला आहे, सूनही वाईट नाही, पण तिथं टीव्ही कधी लावायचा हेही विचारावं लागतं. पैसे आहेत तोवर मी माझ्या दोन खोल्यांत. पैसे गेले की मी पुण्याला. एवढं सरळ आहे.

घडी खात्यात तेव्हा माझ्या शेजारी बसायची ती एक मैत्रीण आहे, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. तिचा मुलगा मला पेद्दम्मा म्हणतो, म्हणजे आईची थोरली बहीण. आता तो चाळिशीचा आहे, टक्कल पडलंय, आणि म्युच्युअल फंड विकतो. एका दुपारी तो पेढे घेऊन आला. कारण नसताना पेढे आणणाऱ्याला मी दाराजवळच्या खुर्चीत बसवते.

त्यानं पिशवीतून एक रंगीत कागद काढला.

"पेद्दम्मा, हे बघा. जपानचा फंड. सगळा पैसा जपानमधल्याच कंपन्यांत."

"एकाच देशात?"

"व्हय की. लई शिस्तीची माणसं. रेघ बघा कशी गेलीय."

"गेलीय. ह्याच्या आधी कुटं व्हती?"

"आधी फंडच नव्हता. फंड सुरू झाला तितनं रेघ."

"फंड नव्हता. जपान व्हता का न्हाय?"

तो हसला. मी हसले नाही. म्हटलं, मोबाइल काढ आणि जपानच्या बाजाराची जुनी रेघ दाखव, मिळेल तिथपासून. त्यानं बराच वेळ बोटं चालवली. मला वाटलं टाळतोय. मग सापडली. तो एकटाच बघत बसला आणि मोबाइल माझ्याकडं वळवायला त्यानं जरा उशीर केला.

रेघ आधी डोंगरासारखी चढली होती. मग कोसळली आणि पडून राहिली. थोडी उठायची, पुन्हा बसायची. जुन्या शेंड्याला परत हात लावायला तिला तीस वर्षांहून जास्त लागली होती. कागदावरची देखणी रेघ म्हणजे या सगळ्याचा शेवटचा तुकडा.

मी माझ्या वयाशी लावून पाहिलं. तो बाजार शेंड्यावर होता तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, डोक्यात एक पांढरा केस नव्हता. तो पुन्हा तिथं पोचला तेव्हा मी सत्तरी ओलांडून गेले होते, नवरा नव्हता आणि गुडघेही कामातून गेले होते.

"पण आला की न्हाय वर?" तो म्हणाला. "आन् मधी कंपन्या नफा वाटत व्हत्या, ते ह्या रेघेत धरलेलं न्हाय. थोडं थोडं घालत राहिला त्याचं एवढं वाईट झालं न्हाय. लाँग टर्म धरायचं असतंय, पेद्दम्मा."

"तुझ्या लाँग टर्ममधी माझं तेरावं उरकंल."

"असं काय अशुभ बोलता!"

"अशुभ कसलं, हिशेब हाय. तू मला हे लपवून दाखवलंस."

"देवाशपथ, मी हे कधी बघितलंच नव्हतं. वरनं आलेला कागद हाय."

मला ते खोटं वाटलं. मी सरळ विचारलं, तुझ्या आईचे पैसे घातलेस का ह्यात? तो म्हणाला, घातलेत. मग मला ते खरं वाटलं, आणि खरं वाटल्यावर जास्तच राग आला. एकाच देशावर सगळं टाकतात का, तिथं काही झालं तर पळून कुठं जायचं, असं मी त्याला बरंच सुनावलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"एक इचारू? रागवू नका. तुमचे कुटं हायत?"

"पतसंस्थेत."

"सगळे?"

"सगळे."

"त्यांनी कर्ज कुणाला दिलंय?"

"मला काय म्हाईत."

"मग जपान बरा की! जपान लई मोठा हाय. तुमी तर एका गल्लीत घातलेत."

तो गेल्यावर मी त्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत गेले.

तिथल्या व्यवस्थापकाला मी कधीच काही विचारलं नव्हतं, कारण तो ओळखीचा. त्याचा बाप आणि माझा नवरा एका पाळीत कामाला असायचे. ठेवीच्या पावतीवर तो बोट ठेवील तिथं मी सही करायची.

"या मावशी. चहा सांगू?"

"नको. निम्म्या पावत्या मोडायच्यात."

"मोडता कशाला? व्याज बुडंल. कुणी काय सांगितलं का तुमाला?"

नुसतं 'कशाला' म्हणून थांबला असता तर कदाचित मी घरी परतले असते. सांगण्यासारखं काही असल्याशिवाय माणूस 'कुणी काय सांगितलं' असं विचारत नाही.

"तुमी पैसे कुणाला देता?"

"आपल्याच लोकांना की. परकं कुणी न्हाय. सगळे टॉवेलवाले, ह्याच भागातले."

त्याला वाटलं, मला धीर येईल. या गावातल्या गिरण्या मी एकेक करून बंद पडताना पाहिल्यात. टॉवेलवालाही एकटा बुडत नाही. सूत महागलं की सगळी गल्ली एकदम बसते.

"निम्म्या न्हाय. सगळ्या मोडा."

"एकदम जमणार न्हाय, मावशी. सोमवारी बघू."

सोमवारी मी डबा घेऊनच गेले. साहेब बाहेर गेलेत, असं खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं. मी बाकावर बसले. दुपारी तिथंच भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, पैसे भरायला आलेल्या लोकांसमोर. एक बाई जवळ येऊन म्हणाली, "आजी, काय झालं?"

"माझेच पैसे मागायला आलेय. देत न्हाईत."

मी आवाज खाली केला नाही. बाईनं हातातल्या नोटा परत पिशवीत घातल्या. त्यानंतर साहेब आतूनच बाहेर आले आणि दुपारचा चहा यायच्या आत चेक तयार झाला.

"इश्वास उडाला वाटतं तुमचा," तो म्हणाला.

"इश्वास व्हता म्हणून तर एवढी वर्षं इचारलं न्हाय," मी म्हटलं आणि चेकवरचं नाव दोनदा वाचून घेतलं.

आता काही पैसे पोस्टात आहेत, काही सरकारी बँकेत. जपानला दिले नाहीत. मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माजा पोरगा हाय. बुडवलं तर घरच्यानंच बुडवलं म्हनंन."

पतसंस्था अजून उघडी आहे. मला भीती होती तसं काही झालेलं नाही, अजून तरी. जपान आणखी वर गेला असं मैत्रिणीचा मुलगा येता-जाता ऐकवतो. गेला असेल. पोस्टाचं व्याज कमी पडतं, म्हणून मी दुधाचा रतीब बंद केला आणि दवाखान्याला चालत जाते. पुण्याहून मुलाचा फोन येतो. "आई, कशाला एवढी ओढाताण करतेस? ये की इकडं."

मी त्याला सांगते, कोरा चहाही बरा लागतो.