खुन्याच्या शर्टाच्या गुंड्या

मंडळी, आपल्या कॉमिक्समधला खुनी कोण यावर तुम्ही ग्रुपवर तीन आठवडे भांडताय. आज दुपारी दाजीबानपेठेत कापड घ्यायला गेलो, तर दुकानातल्या अप्पांनी आपल्या कॉमिक्सचा चौथा भाग माझ्यापुढे ठेवला.

"चित्रं तुम्हीच काढता न्हवं? मग खुनी बाई आहे. शर्ट गड्यासारखा दिसतोय, पण शिवलाय बाईसाठी. गुंड्या डावीकडं आहेत बघा."

वाकून पाहिलं, खरंच डावीकडं होत्या. खुन्याचं चित्र काढताना मी स्वतःच शर्ट घालून आरशासमोर उभा राहतो आणि दिसेल तसं काढतो. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, हे चार भागांत एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही.

"आकी यार री?" अप्पांनी हळूच कानडीत विचारलं. ती कोण, हे मलाच कुठं ठाऊक होतं! पण चूक झाली म्हणवेना. "शेवटच्या भागात कळेल," म्हणून सुटलो.

घरी येऊन शेवटच्या भागाची तयार पानं बाजूला ठेवली. म्हणूनच आता उघड सांगतो, त्या पानांत खुनी मयताचा भाऊ होता.

आता मीही तुमच्यातलाच एक. सांगा, ती कोण?